अंगणवाडीतील आपत्ती-प्रशिक्षण
भूकंप, आग, विषबाधा इ. संकटांत बालकांचे रक्षण करता यावे, यासाठी अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना द्यावयाचे शिक्षण. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तिच्या अंगणवाड्यांत येणारी तीन ते सहा वर्षांची मुले धोका ओळखून स्वतःहून सुरक्षित जागी जाऊ शकत नाहीत. म्हणून त्यांची सज्जता ही मुख्यतः प्रौढांची सज्जता होय.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी (जि. लातूर) परिसरात झालेल्या भूकंपाची झळ तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यासही बसली. दगडमातीच्या जाड भिंती व जड छपरे कोसळून हजारो माणसे मृत्युमुखी पडली. त्या वेळी अंगणवाड्या बंद होत्या. असा धक्का भर दिवसा बसल्यास काय करावयाचे, हा प्रश्न त्याच जिल्ह्यातील जळकोट (ता. तुळजापूर) यांसारख्या गावांनाही लागू पडतो.

धक्का चालू असता मुलांना डोके झाकून मजबूत आधाराखाली बसविणे, तो थांबताच मोकळ्या जागी नेणे, हजेरीपटावरून मोजणी करणे, पालकांच्याच स्वाधीन करणे, प्रथमोपचार करणे आणि आहार शिजतो तेथे आगीपासून जपणे, ही या प्रशिक्षणाची प्रमुख अंगे होत. सेविका व मदतनीस यांची कामे आधीच वाटलेली असावी लागतात. एकदा ऐकलेला पाठ संकटात आठवेलच असे नाही. यास्तव मुलांसह ठराविक काळाने केलेला सराव अत्यावश्यक ठरतो.