इस्रोचा तो सायकलवाला फोटो काढणारा माणूस गांधीजींच्या शेवटच्या दुपारी बिर्ला हाऊसमध्ये होता

इस्रोनं आकाशात काहीही सोडलं की एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो आपल्या व्हॉट्सॲपवर हमखास येतो. सायकलच्या कॅरियरवर रॉकेटचा शंकूसारखा भाग ठेवलाय आणि दोन माणसं तो सांभाळत चालली आहेत. खाली ‘सायकलपासून चंद्रापर्यंत’ अशा अर्थाची एखादी ओळ असते. फोटो कुणी काढला, हे मात्र बहुतेक वेळा कुठंच लिहिलेलं नसतं.

हा फोटो १९६६ चा, केरळमधल्या थुंबाचा. तेव्हा इस्रोची स्थापनाही झाली नव्हती, ती झाली १९६९ मध्ये. आणि हा फोटो कुठल्या सरकारी छायाचित्रकारानं काढलेला नाही. तो काढलाय आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच माणसानं. आज ज्याला आपण ‘कॅन्डिड’ म्हणतो त्या फोटोग्राफीचा हा सगळ्यात मोठा उस्ताद.

कॅन्डिड म्हटलं की आपल्याला लग्नातला फोटोग्राफर आठवतो. ‘ताई, जरा हसा, पण इकडे बघू नका’ असं सांगून काढलेला फोटो. ब्रेसाँनं हे ऐकलं असतं तर तो तिथून निघून गेला असता. समोरच्याला काही करायला सांगायचं नाही, फ्लॅश उडवायचा नाही, नंतर फोटो कापायचा नाही, हे त्याचे नियम होते.

ब्रेसाँचा जन्म २२ ऑगस्ट १९०८ चा, पॅरिसजवळच्या शांतलू गावातला. घरचा धंदा शिवणाच्या दोऱ्याचा, पैशाला कमी नव्हती. पोरानं धंदा सांभाळावा ही घरच्यांची अपेक्षा, आणि पोराला व्हायचं होतं चित्रकार. तो आंद्रे लोत या चित्रकाराकडे शिकला. लोतचा सगळा भर रचनेवर, चित्रातल्या भूमितीवर असायचा. ती शिस्त ब्रेसाँच्या डोळ्यांत आयुष्यभर टिकली.

मग तो आफ्रिकेत आयव्हरी कोस्टला गेला, शिकार करून पोट भरू लागला आणि तापानं मरता मरता वाचला. आपले अंत्यसंस्कार कसे व्हावेत, कुठलं संगीत वाजावं, हेही त्यानं घरी कळवलं होतं. घरून उत्तर आलं, हे फार खर्चिक होईल, त्यापेक्षा तू आधी परत ये.

परतल्यावर त्याच्या पाहण्यात एक फोटो आला. मार्टिन मुंकाची या हंगेरियन फोटोग्राफरनं काढलेला, टांगानिका सरोवराच्या लाटांत धावत शिरणाऱ्या तीन पोरांचा. कॅमेऱ्यानं असंही काही पकडता येतं, हे तेव्हा त्याच्या डोक्यात शिरलं. १९३२ मध्ये त्यानं मार्सेय शहरात लायका कॅमेरा घेतला.

या कॅमेऱ्याशिवाय ब्रेसाँ घडला नसता. त्या काळचे बातमीदार फोटोग्राफर मोठाले खोके घेऊन फिरायचे. लायका हातात मावायचा, त्यात ३५ मिलीमीटरची फिल्म बसायची आणि एका रोलमध्ये ३६ फोटो निघायचे. ब्रेसाँनं त्याचे चकाकणारे भाग काळ्या टेपनं झाकून टाकले, म्हणजे रस्त्यावर कुणाचं लक्ष जाणार नाही. लेन्स जवळजवळ कायम ५० मिलीमीटरची. झूम वगैरे भानगड नाही, जवळचं हवं असेल तर स्वतः चालत पुढे जायचं.

त्याच वर्षी पॅरिसच्या सँ-लाझार स्टेशनमागे त्यानं एक फोटो काढला. साचलेल्या पाण्यावरून उडी मारणारा माणूस, त्याची टाच पाण्याला टेकायच्या अगदी आधी हवेत थांबलेली. खाली त्याचं प्रतिबिंब, आणि मागच्या भिंतीवरच्या पोस्टरमध्ये तशीच उडी घेतलेली एक नर्तकी. जगातल्या सर्वाधिक चर्चा झालेल्या फोटोंपैकी हा एक. गंमत म्हणजे तो कुंपणाच्या फळ्यांच्या फटीतून काढलेला आहे आणि काढताना माणूस नीट दिसतही नव्हता, असं ब्रेसाँ स्वतःच सांगायचा. डावीकडे फळी आली म्हणून तो कापावाही लागला. म्हणजे फोटो न कापणाऱ्या माणसाचा सगळ्यात गाजलेला फोटो कापलेला आहे!

पण असं नशीब रोज साथ देत नाही. त्याची नेहमीची पद्धत वेगळी होती. आधी जागा शोधायची. जिना, भिंत, रस्त्याचं वळण, सावली. चौकट डोळ्यांत पक्की करायची आणि मग तिथं माणूस येईपर्यंत थांबायचं. इएर गावातला १९३२ चाच त्याचा फोटो बघा. वरून दिसणारा गोल वळणाचा जिना आणि खालच्या रस्त्यावरून सुसाट जाणारा सायकलवाला. जिन्याची वळणं डोळ्याला ओढत थेट त्या सायकलवर नेतात. माणूस एका क्षणात आला नि गेला, पण चौकट त्याच्या आधीपासून तयार होती.

दुसऱ्या महायुद्धात, जून १९४० मध्ये जर्मनांनी त्याला पकडलं. त्याआधी त्यानं आपला लायका जमिनीत पुरून ठेवला होता. जवळपास तीन वर्षं कैदेत गेली. पळून जायचे दोन प्रयत्न फसले, १९४३ मध्ये तिसरा जमला. मग त्यानं तो कॅमेरा खणून काढला. इकडे न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये तो युद्धात मेला असं समजून त्याच्या स्मरणार्थ प्रदर्शनाची तयारी सुरू झाली होती. १९४७ मध्ये प्रदर्शन भरलं, तेव्हा ‘दिवंगत’ कलाकार धडधाकट होता.

त्याच वर्षी रॉबर्ट कापा, डेव्हिड सेमूर, जॉर्ज रॉजर या दोस्तांबरोबर त्यानं मॅग्नम ही संस्था काढली. तोपर्यंत मासिकं फोटोग्राफरला पैसे देऊन फोटो कायमचा आपला करून टाकायची. मॅग्नमनं ठरवलं, फोटोचा हक्क काढणाऱ्याकडेच राहील. (आणि त्याच मॅग्नमवाल्याचा फोटो आपण नाव काढून फॉरवर्ड करतोय.) कामाची वाटणी झाली, ब्रेसाँच्या वाट्याला आशिया आला. त्याची बायको रत्ना मोहिनी जावाची नर्तकी होती. दोघं भारतात आले.

फाळणी नुकतीच झाली होती. त्यानं कुरुक्षेत्राच्या छावणीतले निर्वासित टिपले. श्रीनगरला हरी पर्वतावर पहाटे प्रार्थना करणाऱ्या बायका टिपल्या, त्याही पाठमोऱ्या. चेहरा जवळजवळ नाहीच, तरी त्या उभ्या राहण्यात सगळं आलंय.

३० जानेवारी १९४८ च्या दुपारी तो दिल्लीत बिर्ला हाऊसमध्ये गांधीजींना भेटला. सोबत न्यूयॉर्कच्या त्याच प्रदर्शनाचा कॅटलॉग होता. गांधीजी पानं उलटत गेले आणि पॉल क्लोदेल या फ्रेंच कवीच्या फोटोपाशी थांबले. फोटोत क्लोदेल शववाहिनीकडे बघतोय. याचा अर्थ काय, असं गांधीजींनी विचारलं. ब्रेसाँनं सांगितलेल्या आठवणीनुसार, उत्तर ऐकून ते एकच शब्द तीनदा म्हणाले, मृत्यू. ब्रेसाँ निरोप घेऊन निघाला. संध्याकाळी पाचनंतर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि बातमी कळताच तो उलटपावली बिर्ला हाऊसला आला.

अमेरिकेच्या ‘लाइफ’ मासिकाची मार्गारेट बर्क-व्हाइटही त्या दिवशी गांधीजींना भेटली होती. चरख्यामागे बसलेल्या गांधीजींचा प्रसिद्ध फोटो तिचाच, त्यामुळे तिला कमी लेखायचं काही कारण नाही. पण गांधीजींचं पार्थिव ठेवलेल्या खोलीत तिनं फ्लॅश उडवला. शोकात बसलेली माणसं भडकली, तिला बाहेर काढण्यात आलं आणि फिल्मही गेली. ब्रेसाँकडे फ्लॅश नव्हताच. असलेल्या उजेडात तो गर्दीतलाच एक होऊन काम करत राहिला. बिर्ला हाऊसच्या फाटकावर दिव्याच्या उजेडात उंच उभे राहून गांधीजी गेल्याचं लोकांना सांगणारे नेहरू त्याच्या फोटोत आहेत. तो फोटो धूसर आहे, आजच्या मोबाइलवरही यापेक्षा स्वच्छ येईल. पण ती रात्र कशी होती हे त्या धूसरपणातूनच कळतं. पुढं त्यानं अंत्ययात्रा, चिता, अस्थी घेऊन अलाहाबादला निघालेली रेल्वे, सगळं टिपलं.

माझ्या मते ब्रेसाँचं कॅन्डिड म्हणजे काय, हे त्या खोलीत सगळ्यात स्पष्ट दिसतं. लपून फोटो काढणं वेगळं आणि समोर जे चाललंय त्यात आपली लुडबूड होऊ न देणं वेगळं. अर्थात तो लोकांची परवानगी घेत नव्हता, हेही खरं. आज प्रत्येक फोटो जगभर जाऊ शकतो, तेव्हा अनोळखी माणसाचा चेहरा असा उचलणं कितपत बरोबर, हा प्रश्न त्याच्या भक्तांनीही टाळू नये.

१९५२ मध्ये त्याचं पुस्तक आलं, मुखपृष्ठ चित्रकार मातिसनं केलेलं. इंग्रजी आवृत्तीचं नाव झालं ‘द डिसायसिव्ह मोमेंट’, निर्णायक क्षण, आणि हा शब्द त्याला कायमचा चिकटला. मूळ फ्रेंच नावात मात्र निर्णायक वगैरे काही नाही. ते नाव आहे ‘इमाज आ ला सोवेत’. विनापरवाना माल विकणारा फेरीवाला, पोलीस दिसला की गाशा गुंडाळून पळायच्या तयारीत असतो, त्यासाठी फ्रेंचमध्ये हे शब्द वापरतात. दादर स्टेशनबाहेर महापालिकेची गाडी आल्यावर जे होतं, नेमकं ते. घाईघाईत, चोरटेपणानं टिपलेली चित्रं. मला हेच नाव जास्त प्रामाणिक वाटतं.

भारतात तो पुन्हा पुन्हा आला. त्याच्या भारतावरच्या फोटोंच्या पुस्तकाला प्रस्तावना सत्यजित राय यांची आहे, आणि रघु राय यांचं नाव १९७७ मध्ये मॅग्नमसाठी त्यानंच सुचवलं.

तोवर त्यानं स्वतः मात्र कॅमेरा जवळपास बाजूला ठेवला होता. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासून तो पुन्हा पेन्सिल घेऊन चित्रं काढायला बसला, ते ३ ऑगस्ट २००४ ला वयाच्या ९५ व्या वर्षी जाईपर्यंत. जगभरच्या माणसांना नकळत टिपणाऱ्या या गड्याला स्वतःचा फोटो काढलेला अजिबात खपत नसे. ओळखीचा चेहरा झाला तर रस्त्यावर काम कसं करणार, ही त्याची अडचण. १९७५ मध्ये ऑक्सफर्डनं मानद डॉक्टरेट दिली, तेव्हा समोर कॅमेरे आलेले बघून त्यानं हातातला कागद चेहऱ्यासमोर धरला.