शब्दांतले गुप्तधन



कोडे घालणे आपल्याला नवे नाही. गोव्यात आणि कोकणात त्याला हुमाण म्हणतात. आणि लग्नात नाव घेताना जो उखाणा आपण म्हणतो, त्या शब्दाचा एक जुना अर्थ कोडे असाच आहे. आता हीच कोडी आंतरजालावरच्या गुप्तधनाच्या शोधात येऊन बसली आहेत. एका कोड्याचे उत्तर लिहिले की दुसऱ्याचे पान उघडते, आणि अशी पाने ओलांडीत शोध पुरा करायचा असतो. आपली मुले यात तासन्‌तास रमतात. तेव्हा या विद्येचे मर्म काय, ते पाहू.

कोडे दोन तोंडांनी बोलते. वरवर ते एक चित्र दाखवते. आतून मात्र तेच शब्द हुकूम असतात. आपल्या जिल्ह्यातलेच उदाहरण घेऊ. ‘आधी मुक्काम कर, मग कौल दे, हळदीचा बाजार सापडेल.’ वाटसरू, धर्मशाळा, देवापुढचा कौल असे चित्र उभे राहते आणि आपण फसतो. ते चित्र आधी पुसून टाकावे. मुक्काम कर म्हणजे ‘वस’, कौल म्हणजे ‘मत’, झाले वसमत. हळदीचा बाजार हा तुकडा तेवढा सरळ अर्थाचा. असा सरळ तुकडा पुष्कळदा कोड्याच्या आरंभी किंवा शेवटी असतो. तो प्रथम हुडकावा. आणि उत्तर सापडल्यावर कोड्यातला एखादा शब्द निरुपयोगी राहिला, तर ते उत्तर संशयास्पद समजावे.

आणखी एक. ‘फोडणीतली पूड भिजली आणि जिल्ह्याचे ठाणे झाली.’ हिंग आणि ओली, हिंगोली! व्याकरणाचे गुरुजी हरकत घेतील की अ आणि ओ मिळून औ व्हावा. पण कोडे रचणारा पाणिनीला भीत नाही. कानाला पटले की त्याचे काम झाले.

इंग्रजी कोड्यांच्या युक्त्या मराठीला जशाच्या तशा चालत नाहीत. आर्थर विन याने १९१३ साली न्यूयॉर्कच्या ‘वर्ल्ड’ पत्रात शब्दकोडे छापले, त्यात एका घरात एक रोमन वर्ण होता. आपल्या घरात काना, मात्रा, वेलांटीसह सबंध अक्षर बसते, जोडाक्षरसुद्धा. म्हणून हिंगोलीला तीनच घरे लागतात. ‘नवजीवन’ उलटे वाचले तरी नवजीवनच राहते. पण तोच शब्द रोमन लिपीत लिहून उलटा करा, जमणार नाही. शोधात ‘उलटा’ असा इशारा आला, की आपली अक्षरे धरून उलटावे.

आकड्यांची कोडी तर आपल्या पूर्वजांचा हातखंडा. ज्योतिषग्रंथांत संख्या शब्दांनी सांगत: चंद्र म्हणजे एक, नेत्र दोन, वेद चार, मुनी सात, नाग आठ, ग्रह नऊ. आणि अंक उजवीकडून डावीकडे वाचायचे. आता हा इशारा पाहा: ‘उत्तरेस ग्रह-चंद्र, पूर्वेस मुनी-स्वर.’ डावीकडून वाचाल तर अक्षांश ९१ येतो. आणि पृथ्वीवर अक्षांश नव्वदाच्या पुढे नाहीच! येथेच चूक उघडी पडते. उलटे वाचा: १९. स्वरही सात, मुनीही सात, रेखांश ७७. नकाशावर या अंशांच्या चौकोनात आपले हिंगोली शहर आहे. उत्तर ताडून पाहण्याची अशी जागा कोड्यातच शोधावी.

ताडून न पाहता धावत सुटणे जिवावरही बेतते. अमेरिकेत फॉरेस्ट फेन नावाच्या गृहस्थाने रॉकी पर्वतात धनाची पेटी लपवली आणि २०१० साली तिचा ठावठिकाणा एका कवितेत गुंफून छापला. ती २०२० साली वायोमिंगमध्ये सापडली. पण तोवर शोधणाऱ्यांपैकी किमान पाच जण प्राणाला मुकले होते. कोणी नदीत, कोणी दरीत. ऐंशीच्या घरातला म्हातारा जेथे जाऊ शकणार नाही तेथे जाऊ नका, असे फेन स्वतःच सांगत होता. कोडे कोणी घातले, त्याचे वय काय, पल्ला किती, हा विचारही उत्तराचाच भाग असतो.

पैशाचे पाहू. आपल्या देशात एकेकाळी बक्षिसी शब्दकोड्यांचे मोठे पेव फुटले होते. ‘गरिबाला —न हवे’. मान की दान? दोन्ही बसतात, पण बक्षीस मात्र चालकाने आधीच पाकिटात बंद केलेल्या उत्तराला! ही बुद्धीची परीक्षा नव्हे, सोडत होय. १९५५ च्या कायद्याने अशा स्पर्धांची बक्षिसे महिन्याला एक हजार रुपयांवर जाऊ नयेत असे ठरवले, आणि १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने चामरबागवाला प्रकरणात म्हटले की जुगाराला व्यापाराचे संरक्षण नाही. जेथे कौशल्य प्रधान, ती स्पर्धा निराळी. पुढे २०२५ साली संसदेने केलेल्या कायद्यात तर पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांपुरता हा भेदच ठेवला नाही. तेव्हा एखाद्या शोधाने पुढचा इशारा देण्याआधी शुल्क मागितले, किंवा मोबाइलवर आलेला ओटीपी मागितला, तर खेळ तेथेच सोडावा. पैसे गेलेच असतील तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे.

घरी जाताना एक कोडे बरोबर न्या. उत्तर याच जिल्ह्यातले आहे, घरे चार: ‘फौजेने आपला काना टाकला आणि खेड्याला जाऊन मिळाली.’