यकृतकृमीची प्रथिनभेदक एंझाइमे

मेंढ्या-गुरांच्या पित्तनलिकांत वास्तव्य करणारा, पानासारखा चपटा यकृतकृमी यजमानाच्या देहात जो अंमल बसवतो, त्याचे मुख्य साधन म्हणजे त्याच्या आतड्यातून स्रवणारी ‘कॅथेप्सिन’ नामक प्रथिनभेदक एंझाइमे होत. पाणथळीतील गवताला चिकटलेल्या कोशांवाटे पोटात गेलेले कोवळे कृमी कॅथेप्सिन बी व एल-३ यांच्या साहाय्याने कोलॅजेनचे तंतू छेदून आतड्याची भित्ती ओलांडतात. यकृत पोखरून पित्तनलिकांत स्थिरावल्यावर प्रौढ कृमी कॅथेप्सिन एल-१च्या योगाने रक्तातील हिमोग्लोबिन पचवतात, आणि याच वर्गातील एंझाइमे यजमानाच्या प्रतिपिंडांचेही तुकडे करून त्याची संरक्षणव्यवस्था निष्प्रभ करू पाहतात. म्हणूनच या एंझाइमांविरुद्ध लस सिद्ध करण्याचे प्रयत्न झाले आहेत. तथापि पशुपालकांनी, कृमीच्या अळ्या ज्यांच्या देहात वाढतात त्या गोगलगायींनी भरलेल्या पाणथळ कुरणांत जनावरे चारू नयेत, हेच हिताचे.