चकचकीत भांडें आणि उष्णतामापकाची फसगत

कपाळासमोर धरून ताप पाहण्याचें यंत्र इ. स. २०२० च्या साथींत घरोघरीं परिचयाचें झालें. त्याच जातीचीं, पण स्वयंपाकघरापासून कारखान्यापर्यंत हवी ती वस्तु पारखणारीं यंत्रें आतां सहज मिळतात. स्पर्श न करतां क्षणार्धांत आकडा दिसतो, आणि आकडा दिसला कीं मनुष्य निःशंक होतो. धोका नेमका येथेंच आहे.

समजा, लखलखीत घासलेल्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यांत पाणी उकळत आहे. पातेल्याची बाजू शंभर अंश सेंटिग्रेडच्या जवळपास तापलेली असते. पण तिच्यावर रोखलेलें यंत्र जेमतेम चाळीस अंश दाखवील. त्यावर विसंबून जो हात लावील, त्याचा हात पोळल्यावांचून राहणार नाहीं. मग यंत्र बिघडलेलें असतें काय? मुळींच नाहीं.

जॉन लेस्ली या स्कॉटिश शास्त्रज्ञानें १८०४ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत या कोड्याचें उत्तर सांपडतें. त्यानें धातूच्या चौकोनी भांड्यांत गरम पाणी भरलें. भांड्याची एक बाजू काजळीनें काळी केलेली, तर दुसरी लखलखीत होती. पाणी एकच, भांडें एकच. पण काळ्या बाजूकडून येणारी धग पुष्कळ भरली, लखलखीत बाजूची अगदींच थोडी.

ही धग म्हणजे डोळ्यांस न दिसणारे अवरक्त किरण. यंत्र उष्णतामान प्रत्यक्ष मोजीत नाहीं. हे किरण गोळा करून तें हिशेब मांडतें. म्हणून पृष्ठभाग किरण किती सढळपणें सोडतो, हें त्याला सांगावें लागतें. हीच उत्सर्जनक्षमता, यंत्रावर तिला ‘एमिसिव्हिटी’ म्हणतात. आदर्श काळ्या वस्तूची ती १ मानतात. मनुष्याच्या त्वचेची सुमारें ०.९८, पाण्याची ०.९६, तर चकचकीत ॲल्युमिनियमची ०.१ हूनहि कमी. शिवाय असा धातु आरशाप्रमाणें भोंवतालचे किरण परत फेंकतो. बहुतेक यंत्रें ०.९५ वर लावलेलीं असल्यामुळें धातूच्या बाबतींत त्यांचा हिशेब चुकतो.

त्यावर उपाय सोपा आहे. वस्तु थंड असतांना तिच्यावर बिनचकाकीची काळी चिकटपट्टी लावावी व पट्टीला सोसवेल इतकीच वस्तु तापवावी. पट्टी तितकीच तापल्यावर ०.९५ च्या खुणेवर तिचें उष्णतामान घ्यावें. पट्टी यंत्राच्या दृष्टिक्षेत्राहून रुंद हवी. लाल ठिपका केवळ नेम धरण्यापुरता असतो. मग शेजारच्या उघड्या भागावर यंत्र रोखून, तोच आकडा दिसेपर्यंत उत्सर्जनक्षमतेची खूण बदलावी. खूण उतरविली कीं तापलेल्या वस्तूचा आकडा चढतो. जुळलेला आकडा त्या पृष्ठभागासाठीं टिपून ठेवावा.

फार चकचकीत धातूला मात्र हा आकडाहि भरंवशाचा नसतो. तेथें पट्टीवरच मोजावें. स्वयंपाकांत तर पातेल्याची बाजू सोडून आंतील पदार्थ ढवळून त्याच्याच पृष्ठभागावर यंत्र रोखावें, आणि आकडा कितीहि लहान दिसो, भांडें उतरवितांना हातांत फडकें असूं द्यावें.