स्थाननिर्देशातील सूक्ष्मता आणि अचूकता

ॲप रचणाऱ्यास आज स्थानविषयक माहिती सहज मिळते. मोबाइलच्या कार्यप्रणालीकडे मागणी करताच अक्षांश व रेखांश हाती येतात. दशांशचिन्हापुढे सहा-सात स्थळांपर्यंत लिहिलेले हे आकडे पाहून स्थान निश्चित झाले, असा समज होतो. तो कितपत साधार आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

जी.पी.एस.चे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून आपली वेळ व स्थिती सांगणारे संदेश पाठवितात. संदेश पोचण्यास लागलेल्या काळावरून अंतर निघते. स्थानाचे तीन निर्देशक आणि मोबाइलच्या घड्याळातील चूक अशी चार अज्ञाते असल्यामुळे किमान चार उपग्रह दिसावे लागतात. कालमापनात एक अब्जांश सेकंदाचा फरक पडला, तरी अंतरात ३० सेंटिमीटरांचा फरक पडतो. मोकळ्या आकाशाखालीही मोबाइलने दाखविलेले स्थान साधारणतः ५ मीटरांनी चुकू शकते. उंच इमारतींवरून संदेश परावर्तित झाल्यास चूक वाढते. घरात मोबाइल वाय-फाय केंद्रे व दूरसंचार मनोरे यांच्या आधारे केवळ अंदाज बांधतो.

आता आकड्यांकडे वळू. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. अर्थात चौथे दशांशस्थळ ११ मीटर दर्शविते, तर सहावे ११ सेंटिमीटर. ज्या मापनातच ५ मीटरांची चूक संभवते, त्यातील सहावे स्थळ सूक्ष्म असले, तरी अचूक नव्हे. म्हणूनच अँड्रॉइड प्रणाली स्थानाबरोबर एका वर्तुळाची त्रिज्याही देते. खरे स्थान त्या वर्तुळात असण्याची शक्यता ६८ टक्के, म्हणजे तीनांतून एकदा ते बाहेर असू शकते. ही त्रिज्या टाकून देऊन निर्देशकांवरून पत्ता शोधला, तर वर्तुळात चार घरे असतानाही एकाच घराचा पत्ता ठामपणे पुढे येतो. रुग्णवाहिका बोलाविताना ही खोटी निश्चिती घातक ठरू शकते.

प्रश्नास दुसरीही बाजू आहे. द माँजोय व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली १५ लाख व्यक्तींच्या १५ महिन्यांतील हालचालींचा अभ्यास प्रसिद्ध केला. तासाचा काल व मनोऱ्याचे क्षेत्र एवढ्या स्थूल माहितीवरूनही, कोणत्याही चार नोंदींनी ९५ टक्के व्यक्ती इतरांपासून वेगळ्या ओळखता आल्या. नावे वगळणे पुरेसे नाही, हे यावरून उघड होते. आकडे स्थूल केल्यानेही संरक्षण फार थोडे वाढते, असे त्याच अभ्यासात दिसले. धोका एका नोंदीत नसून नोंदींच्या साखळीत आहे.

आयओएस १४ (२०२०) व अँड्रॉइड १२ (२०२१) यांपासून केवळ अंदाजी स्थान देण्याची मुभा वापरणाऱ्यास मिळाली. भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानेही संमती उद्दिष्टास आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती मर्यादित मानली आहे. परंतु कोणती माहिती आवश्यक, हा निर्णय प्रथम रचनाकारच घेतो. हवामान सांगण्यास एक किलोमीटरची, म्हणजे दुसऱ्या दशांशस्थळाची सूक्ष्मता पुरते. रुग्णवाहिकेस शक्य तितके अचूक स्थान व त्याची त्रिज्या दोन्ही हवीत. मात्र काम संपल्यावर नोंद साठवून ठेवण्याचे कारण दोहोंतही उरत नाही. स्थान किती बारकाईने मागावे, याइतकेच ते किती काळ ठेवावे, हेही रचनेच्या आरंभीच ठरविले पाहिजे.