कुत्र्याची वेदना आणि घरांतील गोळी

म्हातारा कुत्रा उठतांना लंगडूं लागला, जिना चढेनासा झाला, कीं घरांतील मंडळींचा जीव कळवळतो. मग कपाटांतील माणसांची वेदनाशामक गोळी अर्धी करून पोळीच्या तुकड्यांत घालून त्याला दिली जाते. हेतु दयेचा असला तरी परिणाम घातक होऊं शकतो.

याचें कारण श्रोत्यांनीं ध्यानांत घ्यावें. शरीरांतील प्रोस्टाग्लँडिन नांवाचीं द्रव्यें वेदना व सूज वाढवितात. परंतु जठराच्या अस्तराचें रक्षण आणि मूत्रपिंडांचा रक्तपुरवठाही तींच सांभाळतात. आयब्युप्रोफेन हीं द्रव्यें सरसकट तयार होऊं देत नाहीं, आणि कुत्र्याच्या देहांतून तें लवकर बाहेरही पडत नाहीं. त्यामुळें जठरांत व्रण होतात, मूत्रपिंडें निकामी होतात. पॅरासिटामॉलची मात्रा अधिक झाल्यास यकृत बिघडतें.

कुत्र्यांसाठीं कार्प्रोफेन, मेलॉक्सिकॅम हीं औषधें आहेत. पण त्यांची मात्रा वजनावर ठरते, म्हणून तीं पशुवैद्याच्या सल्ल्यानेंच द्यावीं. स्टेरॉइड चालू असल्यास तसें आधीं सांगावें. दोन्ही एकत्र देणें धोक्याचें असतें. अन्नावरची वासना उडाली, उलटी झाली वा विष्ठा काळी पडली, तर औषध थांबवून पशुवैद्यास तत्काळ कळवावें.

घरीं करण्याजोगें तें एवढेंच: मऊ अंथरूण, गुळगुळीत फरशीवर सतरंजी, बेताचें वजन आणि रोज थोडें चालणें. आपलें पोट दुखतें हें मुक्या जिवाला सांगतां येत नाहीं. म्हणून त्याच्या वतीनें आधीं विचारणें हें धन्याचें कर्तव्य होय.