तांत्रिक व व्यावसायिक संवादकौशल्य

तांत्रिक व व्यावसायिक संवादकौशल्य म्हणजे विज्ञान, अभियांत्रिकी, वैद्यक, व्यवस्थापन इत्यादी क्षेत्रांतील माहिती अचूक, पुरेशी आणि वेळेवर पोचेल अशा रीतीने लिहिण्याची, बोलण्याची, आकृतीने दाखवण्याची व ऐकून घेण्याची क्षमता होय. अहवाल, कार्यालयीन पत्र, ई-मेल, सूचनापुस्तिका, सादरीकरण, गटचर्चा, मुलाखत आणि रुग्णाशी किंवा ग्राहकाशी होणारे बोलणे हे तिचे नेहमीचे प्रकार आहेत. महाविद्यालयांत हा विषय पुष्कळदा इंग्रजी संभाषणाशी समानार्थी मानला जातो. प्रत्यक्षात भाषा हे त्याचे एक अंग आहे. माहिती मिळालेल्या व्यक्तीला योग्य निर्णय घेता आला की नाही, ही त्याची खरी कसोटी होय.

कोल्हापूर शहराच्या उत्तरेकडील कसबा बावडा हा भाग या विषयाच्या अभ्यासासाठी उपयुक्त ठरतो. येथे अभियांत्रिकी व वैद्यकीय अशी दोन्ही व्यावसायिक महाविद्यालये आहेत. ज्या पातळीच्या आकड्यावर पावसाळ्यात कोल्हापूरकरांचे लक्ष असते, ती पंचगंगेची पाणीपातळीही येथील राजाराम बंधाऱ्यावर मोजली जाते.

पार्श्वभूमी

मराठीत व्यवहाराच्या भाषेचा जाणीवपूर्वक विचार शिवकाळापासून आढळतो. शिवाजी महाराजांच्या प्रेरणेने तयार झालेल्या राज्यव्यवहारकोशात कारभारातील फार्सी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यात आले. 6 जानेवारी 1832 रोजी बाळशास्त्री जांभेकर यांनी सुरू केलेले ‘दर्पण’ मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत मजकूर देत असे. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर 1960 मध्ये भाषा संचालनालय अस्तित्वात आले. त्याने शासनव्यवहाराचे तसेच विविध शास्त्रांचे व अभियांत्रिकी शाखांचे परिभाषा कोश प्रसिद्ध केले.

1980 च्या दशकात राज्यात खासगी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालये सुरू झाली. कसबा बावडा येथील डी. वाय. पाटील अभियांत्रिकी महाविद्यालय 1984 मध्ये, तर डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालय 1989 मध्ये स्थापन झाले. अशा महाविद्यालयांमुळे ग्रामीण व निमशहरी भागांतील, मराठी माध्यमातून शिकलेले विद्यार्थी मोठ्या संख्येने व्यावसायिक शिक्षणाकडे आले. शिक्षणाची भाषा इंग्रजी, घरची मराठी आणि कामाच्या जागेवरची मिश्र, अशी परिस्थिती त्यातून निर्माण झाली.

अभ्यासक्रमातील स्थान

भारत 2014 मध्ये वॉशिंग्टन करार या अभियांत्रिकी पदव्यांच्या आंतरराष्ट्रीय मान्यताकराराचा स्थायी सदस्य झाला. पदवीधराला नेमके काय येते, याला या करारात महत्त्व आहे. त्यास अनुसरून राष्ट्रीय अधिस्वीकृती मंडळाने अभियांत्रिकी पदवीधरांसाठी 12 निष्पत्ती ठरवल्या. त्यांतील दहावी संवादाची होती. परिणामकारक अहवाल व आराखडे तयार करणे, सादरीकरण करणे, स्पष्ट सूचना देणे आणि इतरांच्या सूचना समजून घेणे यांचा तीत समावेश होता. वैद्यकीय शिक्षणात 2019 पासून लागू झालेल्या क्षमताधिष्ठित एमबीबीएस अभ्यासक्रमात वृत्ती, नीती व संवाद यांचा स्वतंत्र घटक आला.

प्रमुख घटक

वाचक किंवा श्रोता. एकच माहिती वेगवेगळ्या व्यक्तींना वेगवेगळ्या कामासाठी हवी असते. यंत्रातील बिघाडाविषयी व्यवस्थापकाला खर्च व विलंब किती हे हवे असते, देखभाल करणाऱ्याला कोणता भाग बदलायचा हे, तर यंत्रचालकाला तोवर यंत्र चालवायचे की बंद ठेवायचे हे. तिघांना एकच अहवाल पाठवला, तर प्रत्येकाला आपल्या उपयोगाची ओळ शोधत बसावी लागते.

क्रम. प्रयोगवहीत उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण आणि शेवटी निष्कर्ष असा क्रम असतो. विद्यार्थी तोच क्रम कार्यालयीन अहवालात वापरतात. व्यवसायातील अहवालात निष्कर्ष व शिफारस आरंभी, आधार नंतर आणि सविस्तर आकडेमोड परिशिष्टात देणे सोयीचे असते, कारण निर्णय घेणारी व्यक्ती अनेकदा पहिलेच पान वाचते.

संख्या व एकक. एककाशिवाय संख्या अपुरी असते. 1999 मध्ये नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळाजवळ नष्ट झाले. जमिनीवरील एक संगणक प्रणाली आवेगाची मूल्ये पौंड-सेकंदांत देत होती आणि ती न्यूटन-सेकंदांत आहेत असे धरून यानाचा मार्ग काढला जात होता. दोन्ही बाजूंची आकडेमोड आपापल्या जागी चालू होती, पण एकमेकांकडे पोचलेला अर्थ चुकीचा होता.

श्रवण. सूचना ऐकून ती आपल्या शब्दांत परत सांगणे, शंका वेळीच विचारणे आणि बैठकीनंतर ठरलेल्या गोष्टी लिहून सर्वांना पाठवणे या सवयी बोलण्याइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

उदाहरण : राजाराम बंधाऱ्यावरील पातळी

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, तर धोका पातळी 43 फूट मानली जाते. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 च्या महापुरांत येथील पाणी 55 फुटांच्या वर गेले होते. ‘पातळी 41 फूट’ हे वाक्य शब्दांनी लहान असले, तरी ऐकणाऱ्याला इशारा व धोका या दोन खुणा ठाऊक असल्यामुळे पाणी इशाऱ्याच्या 2 फूट वर आणि धोक्याच्या 2 फूट खाली आहे, हे त्याला लगेच कळते. संदर्भबिंदू ठाऊक असल्याने एका संख्येतून पूर्ण परिस्थिती समजते.

हीच संख्या परक्या ठिकाणच्या अभियंत्याला सांगताना मात्र पुरेशी नसते. हे फूट बंधाऱ्यावरील मोजपट्टीचे आहेत, समुद्रसपाटीपासूनची उंची नव्हे, हे त्याला सांगावे लागते. मापनाची वेळ आणि पाणी चढते आहे की उतरते आहे, हेही आवश्यक असते. सकाळी घेतलेले माप दुपारी वेळ न लिहिता पुढे पाठवले, तर खरा आकडाही दिशाभूल करतो.

दुसरी अडचण एककांच्या भिन्नतेची आहे. भोगावती नदीवरील राधानगरी धरण भरल्यावर त्याचे स्वयंचलित दरवाजे उघडतात आणि प्रत्येक दरवाजातून 1428 क्युसेक विसर्ग होतो. क्युसेक म्हणजे घनफूट प्रतिसेकंद. एक क्युसेक सुमारे 28.3 लिटर प्रतिसेकंद असल्याने एका दरवाजातून दर सेकंदाला सुमारे 40 हजार लिटर पाणी बाहेर पडते. हे रूपांतर विद्यार्थी सहज करू शकतो. तथापि नदीकाठच्या कुटुंबाचा प्रश्न वेगळा असतो : हे पाणी आपल्यापर्यंत केव्हा पोचेल, जनावरे हलवायची का, आणि कोणता रस्ता खुला आहे? विसर्ग क्युसेकमध्ये, साठा टीएमसीमध्ये आणि पातळी फुटांत असे आकडे एकापुढे एक देऊन या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. तंत्रज्ञाची नोंद आणि नागरिकाला द्यायची सूचना हे दोन स्वतंत्र मजकूर आहेत. पहिल्यातून दुसरा अर्थ न गमावता तयार करणे हे तांत्रिक संवादातील अवघड काम होय.

भाषेचा प्रश्न

2021 मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकी पदवी शिक्षणास मान्यता दिली. असे असले तरी बहुतांश महाविद्यालयांत अध्यापन व परीक्षा इंग्रजीत होतात. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात किंवा शिरोली व गोकुळ शिरगाव येथील औद्योगिक वसाहतींत काम करणाऱ्या पदवीधराला मात्र रेखाचित्र इंग्रजीत वाचून सूचना मराठीत द्यावी लागते. तेथील मराठीत मोल्ड, कोअर, पॅटर्न, जॉब असे शब्द रुळलेले आहेत. त्यांच्या जागी कोशातला अपरिचित पर्याय वापरल्यास सूचना कळत नाही. उलट सर्वांनाच इंग्रजी संज्ञा ठाऊक असतील असे धरून चालणेही धोक्याचे असते.

कोणती संज्ञा स्वीकारावी याचे उत्तर वापरणाऱ्यांच्या व्यवहारातून मिळते. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा ही संज्ञा याच परिसरातून अभियांत्रिकीत रूढ झाली. त्यात पाणी अडवण्यासाठी खांबांमधील खाचांत बसवल्या जाणाऱ्या फळ्यांना बरगे म्हणतात. पावसाळ्यापूर्वी बरगे काढणे म्हणजे काय, हे नदीकाठच्या शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. अहवाल इंग्रजीत असला, तरी गावात द्यावयाच्या सूचनेत हाच शब्द योग्य ठरतो.

वैद्यकीय क्षेत्रात भाषेचा प्रश्न कायद्याशीही जोडलेला आहे. समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये स्पष्ट केले की, संमती वैध ठरण्यासाठी रुग्णाला उपचाराचे स्वरूप, धोके व पर्याय यांची पुरेशी माहिती मिळालेली असली पाहिजे, आणि निदानासाठी दिलेली संमती उपचारासाठीची संमती मानता येत नाही. रुग्णाला न समजणाऱ्या भाषेतील छापील अर्जावर सही घेतल्याने ही माहिती पोचत नाही. ‘कळले का?’ या प्रश्नाला रुग्ण भिडेपोटी होकार देतो. त्याऐवजी ‘घरी गेल्यावर गोळ्या कशा घ्याल ते सांगा’ असे विचारल्यास काय समजले व काय राहिले, हे डॉक्टरला कळते.

अध्यापन व मर्यादा

या विषयाचे अध्यापन भाषा प्रयोगशाळा, गटचर्चा, सादरीकरणे, नमुना मुलाखती व प्रकल्प अहवाल यांद्वारे होते. त्याचा भर अनेकदा नोकरीच्या मुलाखतीपुरता राहतो. ठरावीक साच्याचा अर्ज, पाठ केलेला आत्मपरिचय आणि मजकुराने भरलेल्या स्लाइड्स यांतून विद्यार्थ्याचा धीटपणा वाढतो, पण समोरच्या व्यक्तीची गरज ओळखण्याचा सराव त्यातून होतोच असे नाही. इंग्रजी उच्चारांवर अधिक लक्ष दिल्याने विषयाचे चांगले ज्ञान असलेले मराठी माध्यमातील विद्यार्थी वर्गात मागे राहण्याचाही धोका असतो.

यावर उपाय म्हणून लिहिलेला मजकूर प्रत्यक्ष वापरून तपासता येतो. विद्यार्थ्याने एखाद्या उपकरणाची कृती लिहावी, ते उपकरण पूर्वी न हाताळलेल्या व्यक्तीने केवळ त्या मजकुराच्या आधारे ते चालवावे आणि ती जेथे अडेल तेथे मजकूर सुधारावा. एकाच प्रकल्पाचा तज्ज्ञांसाठी इंग्रजी गोषवारा आणि परिसरातील रहिवाशांसाठी एक पानी मराठी निवेदन लिहून घेतल्यास दोन्ही भाषांचा सराव होतो. मराठीत सोपे करून सांगताना विद्यार्थी जेथे अडखळतो, तेथे बहुधा त्याची मूळ संकल्पनाच कच्ची असते. त्यामुळे हा सराव भाषेबरोबर विषयाचीही परीक्षा ठरतो.